राणीची बाग आधी झाडांची, मग प्राण्यांची

राणीच्या बागेत जाऊया म्हटलं की हल्ली पोरं पहिलं पेंग्विनचं विचारतात, आमच्या वेळी हत्ती आणि पाणघोडा असायचा, पण या बागेची मूळ गोष्ट प्राण्यांची नाहीच मुळी, ती झाडांची आहे आणि सुरू होते शिवडीत.

अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची संस्था होती, तिने १८३०च्या दशकात शिवडीला बोटॅनिकल गार्डन उभं केलं. पुढे ती जागा युरोपियन लोकांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली, आजची शिवडीची ख्रिश्चन सिमेट्री तिथेच आहे. मग बागेसाठी भायखळ्याला ३३ एकर जागा मिळाली, १८६१ला काम सुरू झालं आणि १९ नोव्हेंबर १८६२ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स लोकांसाठी खुली झाली. १८७३मध्ये सोसायटी बंद पडली आणि बाग म्युनिसिपालिटीकडे आली. प्राणिसंग्रहालयासाठी आणखी १५ एकर जोडले गेले ते थेट १८९०मध्ये, म्हणजे जवळपास तीस वर्षं लोक इथे झाडांसाठीच येत होते.

शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियमही असंच दुसरीकडून आलेलं. त्याचा संग्रह आधी फोर्टमधल्या टाउन बॅरेक्समध्ये होता, १८५७च्या उठावात सैन्याला बॅरेक्स हवी होती म्हणून तो तिथून घाईघाईत काढला. नवी इमारत व्हावी म्हणून डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी खूप खटपट केली, १८६२ला पाया घातला, तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव होता पण १८६५ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं, पैसा आटला, सरकारला हात द्यावा लागला आणि म्युझियम उघडायला १८७२ उजाडलं. १९७५मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं ते मला फार योग्य वाटतं.

म्युझियमच्या आवारातला दगडी हत्ती मात्र थांबून बघाच. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आले आणि १९१४मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. शेकडो वर्षं बेटावर उभी असलेली मूर्ती अशी फोडली गेली याचं मला आजही वाईट वाटतं, आणि ती निदान मुंबईत राहिली याचं समाधानही वाटतं. काळा घोडा परिसराला ज्याच्यामुळे नाव पडलं तो राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळासुद्धा १९६५मध्ये तिथून हलवून याच बागेत ठेवलाय.

बाकी गोष्ट अलीकडची. बागेला जिजामातांचं नाव मिळालं, आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे अधिकृत नाव आहे. २००७च्या सुमारास प्राणिसंग्रहालय इंटरनॅशनल दर्जाचं करायचा शेकडो कोटींचा प्लॅन आला तेव्हा जुन्या झाडांचं काय होणार म्हणून नागरिक उठले, झाडांच्या नोंदी केल्या, हेरिटेज कमिटीपर्यंत विषय नेला आणि तो प्लॅन त्या रूपात झाला नाही. या लोकांचे मुंबईवर खरंच उपकार आहेत, कारण गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी, कृष्णवड अशी झाडं एकाच बागेत भर शहरात दुसरीकडे कुठे बघणार? पेंग्विन २०१६ला सोलहून आले, त्यानंतर तिकीटही वाढलं आणि गर्दीही.

जाणार असाल तर बुधवार सोडून जा, त्या दिवशी बंद असते. आणि मुलांना पेंग्विन दाखवून झाले की लगेच गेटकडे वळू नका, झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, त्या त्यांना वाचायला लावा.