दूध बंद केल्यावर नेमकं काय कमी पडतं?

घरातल्या मुलाने किंवा मुलीने 'आजपासून दूध, दही, तूप, अंडी, चिकन सगळं बंद, मी आता व्हीगन' असं जाहीर केलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मग अंगात ताकद कुठून येणार?' दुसरा हाडांचा. बी-१२ या जीवनसत्त्वाचा प्रश्न सहसा कुणी काढतच नाही, आणि खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

पुण्यात तर तो प्रश्न रोज दूध-दही खाणाऱ्यांनाही लागू आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या गावांतल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात, म्हणजे दुधाची ददात नसलेल्या घरांत, हेच प्रमाण ८१ टक्के होतं. त्यामुळे 'मी दूध पिते, मला काय होतंय' हा युक्तिवाद इथे फारसा टिकत नाही. पुढे ज्या गोळीबद्दल लिहिलं आहे, ती बहुतेक घरांत व्हीगन झालेल्या पोराइतकीच आईलाही लागणारी आहे.

बी-१२ कुठलीच वनस्पती बनवत नाही, गाय-म्हैसही नाही. ते फक्त जिवाणू बनवतात. प्राण्यांच्या शरीरात ते साठतं आणि तिथून दूध, अंडी, मांस यांत येतं. प्रौढ माणसाची गरज दिवसाला जेमतेम अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. १०० मिलिलिटर दुधात ते सुमारे ०.४ मायक्रोग्रॅम असतं, आणि आपण दूध दोन-तीनदा उकळतो तेव्हा त्यातलंही काही नष्ट होतं. चहातल्या दोन चमचे दुधाने काय साधणार? स्पिरुलिना या शेवाळाच्या पुडीवर तर विसंबूच नये. तिच्यात आढळणारं बी-१२ बहुतांशी आपल्या शरीराला न वापरता येणारं असतं.

म्हणून गोळी. इथे लोक गडबडतात ती मात्रेवरून. गरज अडीचची आणि गोळी ५०० ची, हे पाहून आई म्हणते, 'एवढा डोस कशाला?' कारण शोषणात आहे. जठरातून येणाऱ्या एका प्रथिनाच्या मदतीने आतडं बी-१२ घेतं, पण ही वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमनंतर भरून जाते. उरलेल्यातलं साधारण एक टक्काच आपसूक झिरपतं. म्हणजे ५०० च्या गोळीतून शरीराला मिळतात सहा-सात मायक्रोग्रॅम. पातळी मुळात ठीक असेल तर रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून दोनदा १००० मायक्रोग्रॅम पुरतं. पातळी आधीच घसरलेली असेल तर मात्रा किंवा इंजेक्शन डॉक्टरांनी ठरवायचं.

औषधाच्या दुकानात नुसतं 'बी-१२ द्या' म्हणू नका, पाकिटावरचे घटक वाचा. आपल्याकडे मिथाइलकोबालामिनच्या (हे बी-१२ चंच एक रूप) अनेक गोळ्यांत प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन मिसळलेलं असतं. ही मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधं आहेत आणि त्यांनी गुंगी येते. कित्येक गोळ्यांत फॉलिक ॲसिडही, म्हणजे फोलेट, असतं. डाळी आणि पालेभाज्या खाणाऱ्याला फोलेट आधीच भरपूर मिळतं, आणि फोलेट जास्त असलं की बी-१२ च्या कमतरतेचा ॲनिमिया झाकला जातो. मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. कॅप्सूलचं वेष्टण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं, हे ज्यांच्यासाठी महत्त्वाचं आहे त्यांनी साधी गोळी मागावी. घरात कुणी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल घेत असेल, तर त्यांचं बी-१२ शोषण आणखी कमी होतं. अशांनी आहार कोणताही असो, तपासणी करून घ्यावी.

आता आईचा लाडका प्रश्न, प्रथिनांचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वनस्पतिजन्य प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून ५५ च्या पुढचं लक्ष्य ठेवावं. रोजचं अर्धा लिटरला थोडं कमी, म्हणजे ४०० मिलिलिटर दूध बंद केलं तर १३ ते १५ ग्रॅम प्रथिनं जातात. भरून काढायला हे अवघड नाही, पण पुणेरी आमटीने ते होणार नाही. वाटीभर पातळ आमटीत कोरडी डाळ जेमतेम १५ ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं तीन-साडेतीन ग्रॅम. वरण घट्ट करा. दिवसाचा हिशेब असा बसतो: पाच चपात्यांच्या १५० ग्रॅम कणकेतून १५-१६ ग्रॅम, ४० ग्रॅम तूरडाळीच्या घट्ट वरणातून नऊ, ४० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून आठ, २५ ग्रॅम सोया चंक्समधून तेरा आणि मूठभर शेंगदाण्यांतून सात. भात धरला की ५५ सहज ओलांडतात. डाळ आणि धान्य एकाच ताटात हवं असं काही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

सोया चंक्स न आवडण्याचं कारण बहुतेकदा त्यांचा वास असतो. मिठाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळून, गार पाण्याने दोनदा धुऊन, घट्ट पिळून मग रश्श्यात टाका. आणि पहिल्याच आठवड्यात रोज राजमा-छोले करू नका. आतड्यातले जिवाणू एवढ्या कडधान्यांना सरावलेले नसतात. पोट फुगतं, आणि मग 'बघ, तुला सोसत नाही' हे ऐकावं लागतं. मूग आणि मटकीपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावं. आठ-दहा तास भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणले की वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात आणि लोह-झिंक अडवणारं फायटेटही.

हाडांच्या बाबतीत मात्र आईची शंका हसण्यावारी नेऊ नये. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात सुमारे ५५ हजार लोकांची सरासरी १८ वर्षं नोंद ठेवली गेली. २०२० च्या निष्कर्षांनुसार, मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत व्हीगन लोकांत खुब्याचं हाड मोडण्याचा धोका २.३ पट होता. वजनातला फरक हिशेबात धरूनचा हा आकडा आहे. कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनंही धरल्यावर फरक थोडा कमी झाला, पण पुसला गेला नाही.

तेच ४०० मिलिलिटर दूध सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम देतं, आणि प्रौढाची गरज आहे १००० मिलिग्रॅम. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३६० मिलिग्रॅम, अख्ख्या तिळात १२०० च्या आसपास. दोन नाचणीच्या भाकऱ्या आणि दोन चमचे तिळाची चटणी यांतून कागदावर तरी दूध भरून निघतं. तीळ घेताना पॉलिशचे शुभ्र तीळ नकोत. कॅल्शियम मुख्यतः सालीत असतं, ते साल काढताना जातं. पालेभाज्यांत निवड महत्त्वाची. पालकात कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलेटने ते बांधून ठेवलेलं असतं आणि जेमतेम पाच टक्के शोषलं जातं. दुधातलं सुमारे तीस टक्के. अळू आणि राजगिऱ्याचा पालाही याच पंगतीतला. अळूने घसा खवखवतो तो याच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. मंडईतून मेथी आणि शेवग्याचा पाला आणा.

घरी केलेलं बदामाचं दूध हे दुधाला पर्याय म्हणून देणं ही फसवणूक आहे, कितीही छान लागलं तरी. पेल्यात पाच-सहा बदाम वाटले तर प्रथिनं एक-दीड ग्रॅम आणि कॅल्शियम नगण्य. सोयाचं दूध प्रथिनांत गाईच्या दुधाच्या जवळ जातं. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवून, सालं काढून, कढत पाण्यात वाटून, एक लिटर करून गाळायचं आणि मग ढवळत १५ मिनिटं उकळायचं. उकळणं टाळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनांचं पचन रोखतो, तो उष्णतेने निकामी होतो. यातही कॅल्शियम थोडंच असतं. विकतचं घ्यायचं तर लेबलवर १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे का ते पाहा आणि ओतण्याआधी डबा चांगला हलवा, कारण ते तळाशी बसतं. चहात हे दूध फाटतं. चहा गॅसवरून उतरवून मिनिटभराने, कोमट केलेलं दूध त्यात घाला.

एवढं करूनही कॅल्शियम कमी पडत असेल तर गोळी घ्यायला कमीपणा नाही. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. एका वेळी त्याहून जास्त नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत घ्यावी, लोहाच्या गोळीबरोबर नाही. थायरॉईडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम आणि लोह तिच्यानंतर चार तासांनी, आणि सोयाचं दूधही लगोलग नको.

लोहाचं सूत्र सोपं आहे, पाळणं अवघड: जेवणावर लिंबू पिळायचं आणि जेवणानंतर तासभर चहा प्यायचा नाही. लोहासाठी खातात ते अळिवाचे लाडू नारळ-गुळाचेच असतात, त्यात दूध नसतंच. लोखंडी कढईत टोमॅटो-चिंचेची भाजी केली तर लोह थोडं वाढतं.

आयोडीन मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. दूध हा त्याचा एक स्रोत होता, तो बंद झाला. त्याच सुमारास 'नैसर्गिक' म्हणून घरात सैंधव येतं, त्यात पुरेसं आयोडीन नसतं. साधं आयोडीनयुक्त मीठच वापरा. ओमेगा-३ या मेदाम्लासाठी जवसाची चटणी चालू ठेवा, पण जवस भाजून कुटलेलं हवं, अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात. ड जीवनसत्त्व दूध पिणाऱ्यांनाही दुधातून फारसं मिळत नाही. त्यासाठी ६० हजार युनिटची पुडी स्वतःच्या मनाने आठवड्यामागून आठवडे घेऊ नये, ते शरीरात साठतं.

गरोदरपण, स्तनपान, लहान मुलं, सत्तरीपुढचे किंवा वजन मुळातच कमी असलेले लोक, यांनी आहारतज्ज्ञाशिवाय हा बदल करू नये. इथे आईचा आग्रह योग्यच आहे.

तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी करायची: रक्तगणना, बी-१२, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं) आणि ड जीवनसत्त्व. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी लहान होतात, बी-१२ च्या कमतरतेत मोठ्या. दोन्ही एकत्र असतील तर सरासरी आकार नेमका 'नॉर्मल' दिसतो, म्हणून नुसत्या रक्तगणनेवर भागवू नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. गोळ्या चालू असताना रक्तातला बी-१२ चा आकडा वर जातोच. पेशींपर्यंत ते पोचतंय का, हे बघायला होमोसिस्टीनची (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या घटकाची) तपासणी जास्त उपयोगी. पायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ लाल होऊन दुखणं यांपैकी काही जाणवलं तर तीन महिन्यांची वाट न बघता डॉक्टरांकडे जा, कारण मज्जातंतूंची झालेली हानी उशिरा उपचार केले तर पूर्ण भरून येईलच असं नाही.