फॉल्ट कुठे आहे आणि फॉल्ट कोणाचा

मराठीत ‘फॉल्ट’ हा शब्द दोन प्रश्नांतून ऐकू येतो. लाइन गेली की ‘फॉल्ट कुठे आहे?’ आणि काम बिघडलं की ‘फॉल्ट कोणाचा?’ शब्द एकच असला तरी हे प्रश्न अगदी वेगळे आहेत. पहिल्याच्या उत्तरात जागा येते, दुसऱ्याच्या उत्तरात माणूस. खाणी, समुद्रातल्या तारा, वीज, संगणक, कायदा अशा निरनिराळ्या क्षेत्रांत या शब्दाचा इतिहास पाहिला, तर हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतले आणि ते सोडवायला किती वेळ लागला हे दिसतं.

इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन ‘फाल्लेरे’मध्ये आहे. फसवणं, फसणं, कमी पडणं असा त्याचा अर्थ. तो जुन्या फ्रेंचमधून ‘फोत’सारख्या उच्चाराने इंग्रजीत आला तेव्हा त्याचा मुख्य अर्थ होता ‘उणीव’. लॅटिनशी नातं दाखवण्यासाठी मधला ‘ल’ पुढे लिहिण्यात आला, पण तो उच्चारात यायला अठरावं शतक उजाडलं. फ्रेंचांनी मात्र कामं वाटून दिली. चुकीला ‘फोत’, मालातल्या खोटीला ‘देफो’, यंत्र बंद पडलं तर ‘पान’ आणि खडकातल्या भंगाला ‘फाय’. यातला शेवटचा शब्द बेल्जियममधल्या वालोनियातल्या खाणकामगारांचा.

मराठीतही अशी वाटणी आहे. चूक माणसाची, बिघाड यंत्राचा, खोट मालाची किंवा हेतूतली. कसूर कर्तव्यात होते. तो अरबीतून आलेला शब्द आहे आणि मुळात कमीपणाच सांगतो. ‘चुकणे’ हे क्रियापद तर फारच बोलकं आहे. रस्ता चुकतो, नेम चुकतो, गाडी चुकते आणि गणितही चुकतं. जिथे पोचायचं तिथे न पोचणं, एवढाच त्याचा गाभा. ‘दोष’ या एकाच शब्दावर आपण दोन्ही प्रश्न लादले आहेत. ‘दोष असणे’ ही वस्तूची स्थिती, तर ‘दोष देणे’ हे माणसाचं काम. त्यात आयुर्वेदातले वात, पित्त, कफ हेही दोषच, आणि ते समतोल असतील तर शरीर त्यांच्यावरच चालतं.

भूशास्त्रातल्या फॉल्टसाठी मराठीत प्रस्तरभंग, विभंग आणि भ्रंश असे तीन शब्द आहेत. त्यातला भ्रंश मला सर्वांत नेमका वाटतो, कारण त्याच्या धातूचा अर्थच घसरणं, जागेवरून ढळणं असा आहे. स्मृतिभ्रंश आणि गुदभ्रंश त्याच घरातले. अपभ्रंशही तिथलाच. पतंजलीने महाभाष्यात ‘गौः’ या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश दिले आहेत. ‘भंग’ म्हटलं की नुसती मोडतोड डोळ्यांपुढे येते. खडक नुसता तडकला, पण दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या, तर भूशास्त्रज्ञ त्याला सांधा म्हणतात. एक बाजू दुसरीच्या तुलनेत सरकली की मगच तो भ्रंश.

खाणीतला शब्द

हा शब्द खडकांना चिकटवला तो खाणकामगारांनी. कोळशाचा थर खणत पुढे जावं आणि समोर अचानक दगडाची भिंत यावी. थर संपलेला नसतो, त्याचं पुढचं टोक वर किंवा खाली सरकलेलं असतं. अशा वेळी कोणी चुकलं, हा प्रश्नच उद्भवत नसे. थर कुठे गेला एवढंच शोधायचं. भ्रंशाच्या तिरक्या पृष्ठाच्या दोन बाजूंना त्यांनी दिलेली नावं आजही शास्त्रात चालतात. पृष्ठाच्या वरची बाजू, जिथे कंदील टांगायचा, ती टांगती भिंत. खालची बाजू, जिच्यावर पाय टेकायचे, ती पायाची भिंत.

यावरून शोधाचा एक सोपा नियम निघाला. भ्रंशाचं पृष्ठ आपल्यापासून पुढे, खालच्या दिशेने उतरत असेल, तर समोरचा खडक टांगत्या भिंतीचा. थर ताणले गेल्यामुळे झालेल्या सामान्य भ्रंशात टांगती भिंत खाली घसरते, म्हणून कोळसा खालच्या अंगाला शोधायचा. पृष्ठ आपल्या दिशेने उतरत असेल, तर आपणच टांगत्या भिंतीत उभे असतो आणि पुढचा थर वर असतो. थर आणि पृष्ठ यांच्यातला विशाल कोन ज्या अंगाला, त्या अंगाला जा, असा त्याचा सारांश. पण दाबामुळे झालेल्या उलट भ्रंशात टांगती भिंत वर चढते आणि हाच नियम बरोबर उलट्या दिशेला नेतो. म्हणून नुसत्या कोनावर भिस्त न ठेवता पृष्ठावरचे घासल्याचे ओरखडे, वळलेली थरांची टोकं आणि ओळखीचा एखादा खूणथर पाहतात, आणि आधी भोक पाडून खात्री करतात. भ्रंशाच्या पट्ट्यात खडकाचा चुरा असतो, त्यातून पाणी आणि वायू येऊ शकतो. खात्री न करता बोगदा पुढे नेणं महागात पडतं.

भूकंप आणि भ्रंश यांचं नातं मात्र बराच काळ उलटं समजलं जात होतं. भूकंपाने जमीन फाटते, अशी समजूत होती. १६ जून १८१९ रोजी कच्छच्या भूकंपात रणामध्ये सुमारे ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला आणि सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला. माणसांनी बांधलेल्या बंधाऱ्यांपासून वेगळा म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाह बंद’ म्हटलं. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी जपानमध्ये नोबीचा भूकंप झाला. नेओ खोऱ्यात मिदोरी इथे जमिनीला सुमारे सहा मीटरची पायरी पडली. ती पाहून भूशास्त्रज्ञ बुंजिरो कोतो यांनी निष्कर्ष काढला की भ्रंशावरची हालचाल हेच भूकंपाचं कारण आहे.

त्यामागची यंत्रणा उलगडली १९०६च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर. सॅन अँड्रियास भ्रंशाचा सुमारे ४७० किलोमीटरचा भाग सरकला होता. कुंपणं, रस्ते, झाडांच्या रांगा तुटून काही ठिकाणी पाच-सहा मीटर बाजूला गेल्या होत्या. हॅरी फील्डिंग रीड यांच्या हाती आधीच्या पन्नासेक वर्षांतल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणांची मोजमापं होती. त्यांवरून दिसलं की भ्रंशापासून दूरचे बिंदू भूकंपाच्या आधीपासूनच हळूहळू सरकत होते, आणि भ्रंशालगतचा खडक घर्षणाने अडकून वाकत होता. घर्षणाची ताकद संपली तेव्हा तो एका झटक्यात सरळ झाला. १९१० साली मांडलेली ही प्रत्यास्थ उसळीची, म्हणजे वाकलेला खडक उसळून सरळ होण्याची, कल्पना आजही पायाभूत आहे. याच भ्रंशाचे मधले काही भाग मात्र अडकत नाहीत, ते संथपणे सरकत राहतात.

बातम्यांत ‘फॉल्ट लाइन’ असं सर्रास म्हणतात, पण भ्रंश ही रेषा नसते. ते पृष्ठ असतं, आणि बहुधा चुऱ्याचा आणि फुटक्या खडकाचा एक पट्टा. जमिनीला तो जिथे छेदतो तिथे नकाशावर रेषा काढतात. या फरकाला व्यवहारात किंमत आहे. कॅलिफोर्नियात १९७१च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर, १९७२ साली कायदा झाला. माणसांचा वावर असलेल्या इमारती सक्रिय भ्रंशाच्या मागावर बांधता येत नाहीत, साधारण ५० फूट अंतर सोडावं लागतं. सक्रिय म्हणजे गेल्या सुमारे ११ हजार वर्षांत हललेला. हे ठरवण्यासाठी भ्रंशाला आडवा चर खणून कोणते थर तुटलेत आणि वरचे कोणते अखंड आहेत ते पाहतात. तुटलेल्या थराहून हालचाल अलीकडची, अखंड थराहून जुनी. अर्थात हा कायदा जमीन फाटण्यापुरता आहे. हादरे दूरवर बसतात, त्यांना पन्नास फुटांचं काय!

तारेतला फॉल्ट

एकोणिसाव्या शतकात हा शब्द तारायंत्राच्या लोकांनी उचलला. खाणीसारखीच गत होती. तार समुद्रतळाशी, दोष दिसत नाही, आणि जागा कळल्याशिवाय जहाज पाठवून उपयोग नाही. १८५८ सालची पहिली अटलांटिक तार सुमारे तीन आठवडे चालली आणि मेली. विद्युत विभाग सांभाळणाऱ्या वाइल्डमन व्हाइटहाउसने तिच्यावर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला होता. संचालकांनी त्याला काढून टाकलं, म्हणजे ‘कोणाचा’ हा प्रश्न मिटला. पुढे चौकशी समितीने सविस्तर तपास केला तेव्हा तारेची रचना, घडण आणि हाताळणी यांतलेच दोष पुढे आले.

‘कुठे’ या प्रश्नासाठी मोजमाप लागतं. तारेच्या एका मैलाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, माहीत असेल, तर किनाऱ्यावरून मोजलेल्या रोधावरून फॉल्टचं अंतर काढता येतं. पण प्रत्येकाचं रोधाचं एकक वेगळं असेल तर आकड्याला अर्थ राहत नाही. १८६१ साली भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेने विद्युत मानकांची समिती नेमली, तिच्यामागे ही गरज होती. ओहम या रोधाच्या आजच्या एककाच्या वंशावळीत समुद्रतळाचा फॉल्ट आहे.

जमिनीखालच्या केबलसाठी त्यातूनच मरे लूप पद्धत आली. दूरच्या टोकाला खराब आणि चांगली अशा दोन तारा जोडायच्या आणि या टोकाला ब्रिज, म्हणजे रोधांची तुलना करणारं सर्किट, संतुलित करायचा. आता नाडीचा, म्हणजे विजेच्या क्षणिक ठोक्याचा, प्रतिध्वनीही वापरतात. पॉलिथिनच्या केबलमध्ये विद्युत नाडी एका मायक्रोसेकंदात सुमारे २०० मीटर धावते. जाऊन यायला एक मायक्रोसेकंद लागला, तर फॉल्ट १०० मीटरवर. केबलमधला वेग चुकीचा धरला, तर खड्डाही चुकीच्या जागी खणला जातो.

उघड्या तारांवर सर्वाधिक फॉल्ट एका फेजचा जमिनीशी संबंध आल्याने होतात. वीज पडते, फांदी टेकते, पक्षी अडकतो. त्यांतले बहुतेक क्षणिक असतात, म्हणून रिक्लोजर पुरवठा तोडून थोड्या वेळाने पुन्हा जोडून बघतो. दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर तो बंदच राहतो आणि माणसाला जावं लागतं.

घरातल्या वायरिंगमध्ये काहीही झालं तरी आपण ‘शॉर्ट झालं’ म्हणतो, आणि तिथेच शोध भरकटतो. शॉर्टमध्ये प्रवाह प्रचंड वाढतो. प्रवाह फार वाढला की तो तोडणारा स्विच म्हणजे एमसीबी. बी प्रकारचा एमसीबी त्याच्या क्षमतेच्या तीन ते पाच पटींत, सी प्रकारचा पाच ते दहा पटींत तत्काळ पडतो. गळतीचा प्रवाह काही मिलिअँपिअरचा असतो, त्याची एमसीबीला दादही नसते. ते काम आरसीसीबी या गळती ओळखणाऱ्या स्विचचं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्याआधी, कधी १५च्या पुढेच, तो पडतो. त्यामुळे चार-पाच उपकरणांची थोडी थोडी गळती मिळूनही तो पडू शकतो; त्यातलं प्रत्येक उपकरण एकेकटं तपासलं तर ठीक निघतं.

शोधण्याची रीत अशी: सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याने पडेल त्या सर्किटवरची उपकरणं काढून पुन्हा बघायचं. पण ही रीत एका ठिकाणी हमखास फसवते. न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकले असतील, तर त्या सर्किटचा एकध्रुवी एमसीबी खाली केला तरी त्याने फक्त फेज तुटते. न्यूट्रल सामायिक पट्टीला जोडलेलीच राहते. दुसऱ्याच चांगल्या सर्किटवर भार आला की त्याचा परतीचा थोडा प्रवाह टेकलेल्या जागेतून अर्थमध्ये जातो आणि आरसीसीबी पडतो. दोष मात्र बिचाऱ्या गीझरवर! इथे मेन बंद करून वायरमनने प्रत्येक सर्किटची न्यूट्रल पट्टीवरून सोडवायची, इलेक्ट्रॉनिक उपकरणं काढायची आणि न्यूट्रल-अर्थमध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे रोध मोजणाऱ्या उपकरणाने, रोध बघायचा. तो किमान एक मेगाओहम हवा.

तिसरा प्रकार सर्वांत घातक, कारण एमसीबी आणि आरसीसीबी दोघांनाही तो दिसत नाही. सैल स्क्रूच्या सांध्यात अर्ध्या ओहमचा रोध आला आणि त्यातून १० अँपिअर गेले, तर तिथे ५० वॉट उष्णता निघते. प्रवाह नेहमीचाच, गळती शून्य, आणि टर्मिनल जळतंय. जळका वास, पिवळं पडलेलं प्लास्टिक आणि मध्येच लुकलुकणारा दिवा, एवढ्याच खुणा हाती असतात.

संगणकात फॉल्ट, एरर आणि फेल्युअर वेगळे धरतात. फॉल्ट हे मूळ कारण, एरर म्हणजे त्यामुळे आत बिघडलेली स्थिती, आणि बाहेर काम चुकलं की फेल्युअर. फॉल्ट वर्षानुवर्षं निद्रिस्त राहू शकतो. ‘पेज फॉल्ट’ मात्र बिघाडच नव्हे. हवं असलेलं पान मेमरीत नाही, ते डिस्कवरून आणा, एवढीच ती सूचना. शब्दाचा जुना अर्थ, उणीव, इथे जसाच्या तसा टिकला आहे.

दोष कोणाचा

कायद्याने मात्र शतकानुशतकं ‘कोणाचा’ हाच प्रश्न धरला. भरपाई हवी तर समोरच्याची चूक सिद्ध करा. कारखाने आल्यावर ही रीत अडखळली. पट्ट्यात हात गेला तर चूक मजुराची, मालकाची, की कठडा नसलेल्या यंत्राची? जर्मनीने १८८४ साली अपघात विम्यात हा प्रश्नच बाजूला ठेवून कामावरच्या दुखापतीला भरपाई सुरू केली. न्यूझीलंडने १९७४पासून ती सोय सर्व अपघातांना लावली. कॅलिफोर्नियात १९७०पासून घटस्फोटासाठीही जोडीदाराचा दोष दाखवावा लागत नाही. विमान अपघातांच्या तपासाबाबत आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १३मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की उद्देश पुढचे अपघात टाळण्याचा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटण्याचा नाही.

याच वळणावर १९६२ साली बेल प्रयोगशाळेत एच. ए. वॉटसन यांनी मिनिटमन क्षेपणास्त्राच्या नियंत्रणासाठी फॉल्ट ट्री मांडला. सर्वांत वर नको असलेली घटना, खाली तिची कारणं. कोणतंही एक कारण पुरत असेल तर ‘किंवा’, सगळी एकदम लागत असतील तर ‘आणि’. दोन पंपांपैकी प्रत्येक बंद पडण्याची शक्यता शंभरात एक असेल, आणि एक जरी बंद पडला तरी काम अडत असेल, तर धोका शंभरात जवळजवळ दोन. दोन्ही बंद पडल्यावरच काम अडत असेल, तर दहा हजारांत एक. हा दुसरा आकडा खरा ठरतो तो पंप एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. दोन्ही पंपांना वीज एकाच फ्यूजमधून जात असेल, तर झाडात त्या फ्यूजची फांदी ‘किंवा’खाली वेगळी काढावी लागते. नेमकी तीच फांदी काढायची राहते.