एक माणूस, अनेक खाती: स्टीम आणि हाइव्हची पार्श्वभूमी

लेखनाला नाण्यांत मोबदला देणाऱ्या स्टीम या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर, किंवा 2020 मध्ये तिच्यातून फुटून निघालेल्या हाइव्हवर, बरीच वर्षे लिहिणाऱ्यांकडे पाहिले तर एकाच माणसाची दोन-तीन खाती सहज आढळतात. एकावर लेख असतात, दुसऱ्यावर छायाचित्रे आणि तिसऱ्यावर ऑनलाइन खेळातले व्यवहार. बाहेरच्या माणसाला यात लबाडीचा वास येतो आणि काही खात्यांच्या बाबतीत तो खराही होता. तरीही बहुतेकांना या वाटेला लावले ते व्यवस्थेच्या मूळ रचनेने, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी मार्च 2016 मध्ये स्टीमची साखळी सुरू केली आणि त्याच वर्षी 4 जुलैला लेखकांच्या हाती पहिला मोबदला पडला. इतर संकेतस्थळांवरचे खाते म्हणजे केवळ ओळख असते. येथे तेच खाते लेखकाचे नाव होते, त्याची पैशाची थैली होते आणि त्याचा मताधिकारही होते. लेखाला दिलेल्या मताचे वजन खात्यात अडकवून ठेवलेल्या नाण्यांवर, म्हणजे स्टीम पॉवरवर, ठरत असे आणि साखळी चालवणाऱ्या विटनेसांची निवडही त्याच बळावर होत असे. नाव जास्तीत जास्त 16 अक्षरांचे, एकदा घेतले की बदलता न येणारे आणि पुसताही न येणारे. अशा ठिकाणी दुसरे खाते उघडणे म्हणजे स्वतःचे भांडवल आणि स्वतःचे मत यांची वाटणी करणे होते.

प्रत्येक खात्याला चार वेगवेगळ्या किल्ल्या असतात. मालकीची किल्ली सर्वांत वरची. पैसे हलवण्यासाठी ॲक्टिव्ह, लिहिण्यासाठी व मत देण्यासाठी पोस्टिंग आणि गुप्त संदेशांसाठी मेमो. जुलै 2016 मध्ये, मोबदला सुरू होऊन पंधरवडाही उलटला नसताना, स्टीमिटवरील, म्हणजे स्टीमवर लिहिण्या-वाचण्याच्या मुख्य संकेतस्थळावरील, काही खात्यांत चोरी झाली आणि किल्ल्या वेगळ्या ठेवण्याचे महत्त्व सर्वांना पटले. खाते परत मिळवून देण्यासाठी आधीच नेमलेल्या दुसऱ्या खात्याच्या मदतीने 30 दिवसांच्या आत चोरीला गेलेले खाते परत मिळवता येते, पण त्यासाठी जुनी मालकीची किल्ली हाताशी असावी लागते. ती हरवली तर दाद मागायला कोणतेही कार्यालय नाही. तीन खाती म्हणजे बारा किल्ल्या, हे गणित हौशी लेखकाच्या लक्षात बहुधा उशिरा येते. यावर साखळीतच एक चांगली तोड आहे आणि ती फार थोडे लोक वापरतात: एका खात्याला दुसऱ्या खात्याच्या वतीने लिहिण्याचा अधिकार देता येतो, त्यामुळे रोजचे काम एकाच किल्लीवर भागते आणि उरलेल्या किल्ल्या कागदावर उतरवून कपाटात ठेवता येतात.

इतका उपद्व्याप करूनही लोकांनी दुसरे खाते उघडले, कारण विषय वेगळे ठेवण्याचे दुसरे साधन नव्हते. सुरुवातीच्या काळात स्टीमिटवर लेखाला पाच टॅग लावता येत, मात्र अनुसरण करायचे ते खात्याचे. पाककृतींसाठी जोडल्या गेलेल्या वाचकापुढे त्याच लेखकाचे नाण्यांच्या भावावरचे लेखही येऊन पडत. वाचक कंटाळून निघून जाई आणि लेखकाला वाटे की आपले लिहिणेच आवडले नाही.

खरा पेच मोबदल्याच्या सूत्रात होता. आरंभी लेखाचा वाटा त्याला मिळालेल्या एकूण मतवजनाच्या वर्गाच्या प्रमाणात ठरत असे. एका लेखाला 100 एवढे वजन मिळाले आणि दुसऱ्याला 10, तर मोबदल्याचे प्रमाण दहास एक न राहता शंभरास एक होई. स्वतःच स्वतःला मत देऊन कोणी मोबदल्याचा सामाईक खजिना रिकामा करू नये, असा त्यामागचा हेतू होता. परिणाम असा झाला की ज्या विषयाला मोजकेच रसिक आहेत, त्यावर लिहिणाऱ्याच्या पदरी जवळजवळ काहीच पडत नसे आणि सगळे लेखन गर्दीच्या दोन-चार विषयांकडे ओढले जाई. जून 2017 च्या हार्ड फोर्कने, म्हणजे साखळीच्या नियमांतल्या बदलाने, सूत्र सरळ प्रमाणाचे केले. लहान मतालाही किंमत आली, आडवाटेच्या विषयांना श्वास मिळाला. पण स्वतःच्याच दुसऱ्या खात्याला मत देणे आता पूर्ण फायद्याचे ठरले आणि पैसे घेऊन मत विकणाऱ्या बॉटांचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांचे, पीक आले. त्याच वर्षी आपले बळ दुसऱ्या खात्याला उसने देण्याची सोय झाली. प्रामाणिक लेखकाने तिच्या आधारे आपले छायाचित्रांचे खाते उभे केले, तर धूर्ताने बॉटाला बळ भाड्याने दिले. दुय्यम खाते म्हटले की संशय, ही आजही टिकून असलेली भावना याच दोन वर्षांतली आहे. ऑगस्ट 2019 च्या बदलाने सूत्राला पुन्हा थोडा बाक दिला, मत देणाऱ्याचा वाटा निम्म्यापर्यंत नेला आणि काही विरोधी मते विनामूल्य केली. त्यानंतर मतविक्रीचा धंदा बसला.

विषयांचा प्रश्न मात्र वेगळ्याच मार्गाने सुटला. 2019 मध्ये स्टीम-इंजिन या स्टीमवरच्या जोड-व्यवस्थेच्या आधारे एकेका विषयाचे स्वतंत्र टोकन, म्हणजे स्वतःचे नाणे, असलेल्या टोळ्या (ट्राइब) म्हणजेच लेखक-वाचकांचे गट उभे राहिले. एकाच खात्यावरून दोन वेगळ्या विषयांवर लिहून दोन वेगळी टोकने मिळू लागली. पाठोपाठ हाइव्हमाइंड या प्रणालीतून कम्युनिटी, म्हणजे विषयवार समूह, आल्या. कम्युनिटी हेसुद्धा साखळीवरचे एक खातेच असते. त्याचे नाव ‘हाइव्ह-’ आणि पुढे एक लांबलचक क्रमांक असे असते आणि त्याच्याही किल्ल्या कोणीतरी सांभाळाव्याच लागतात. वाचक आता माणसाऐवजी कम्युनिटीचे सदस्यत्व घेऊ शकतो. माझ्या मते दुय्यम खात्यांची निम्मी गरज येथेच संपली.

नेमक्या त्याच सुमारास सर्वांचीच खाती दुप्पट झाली. फेब्रुवारी 2020 मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे जस्टिन सन यांनी स्टीमिट संकेतस्थळ चालवणारी कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीपासून असलेला नाण्यांचा प्रचंड साठा मतदानात उतरेल या भीतीने विटनेसांनी तो गोठवला. 2 मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजांकडील ग्राहकांच्या ठेवी मतदानाला जुंपून ते विटनेस हटवण्यात आले. प्रत्येक खात्याला 30 विटनेसांना पूर्ण वजनाने मत देता येत असल्याने एका मोठ्या साठ्याला वरच्या सर्व वीस जागा काबीज करता आल्या. समाजाने 20 मार्चला हाइव्ह ही वेगळी साखळी सुरू केली आणि कंपनीचा साठा वगळून बहुतेक सर्वांची नावे, शिल्लक आणि किल्ल्या तिथे जशाच्या तशा नेल्या. एकाच किल्लीने दोन घरे उघडू लागली. ज्यांनी एका साखळीवर किल्ल्या बदलल्या आणि दुसरीवर बदलायच्या राहून गेल्या, त्यांचे दुसरीवरचे खाते जुन्याच किल्ल्यांवर उघडे राहिले. ही गोष्ट प्रत्येकाने आजही तपासून घ्यावी.

हाइव्हने पुढे धडा घेऊन सुधारणा केल्या. नव्याने अडकवलेल्या नाण्यांना विटनेसांच्या निवडीत 30 दिवसांनंतरच वजन मिळते. ऑक्टोबर 2022 पासून रिसोर्स क्रेडिट, म्हणजे साखळीवर व्यवहार करण्याची क्षमता, तेवढीच स्वतंत्रपणे उसनी देता येते. त्यामुळे खेळासाठी वेगळे खाते चालवणाऱ्याला आपले मतबळ त्यात गुंतवावे लागत नाही.

भारतातल्या सदस्यांसाठी एक गोष्ट निराळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2018 च्या परिपत्रकाने बँकांची दारे बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते 4 मार्च 2020 रोजी, म्हणजे स्टीमवरचा तो संघर्ष ऐन भरात असताना, रद्द ठरवले. 2022 पासून अशी नाणी विकून झालेल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून 1 टक्का टीडीएसही कापला जातो. लेखाचे एक आणि खेळाचे एक अशी दोन खाती असली तरी विवरणपत्र एकच भरायचे असते. म्हणून प्रत्येक खात्यात कोणते नाणे कधी आले आणि त्या दिवशी त्याचा भाव काय होता, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. साखळीवरची नोंद कायमची असली तरी तिच्यात रुपयांचा रकाना नाही.