मुतखडा झालाय? दूध-दही सोडण्याआधी मिठाकडे बघा

डबा लावताना बरेच ग्राहक बजावून सांगतात, "मुतखडा आहे, टोमॅटो नको, दही तर नकोच." मीठ कमी घाला, असं मात्र क्वचितच कुणी म्हणतं. आमच्या मते खरी काटछाट तिथेच हवी, म्हणून हे पत्रक डब्यासोबत देत आहोत.

बहुतेक मुतखडे कॅल्शियमचे असतात. किडनी रक्त गाळते आणि गाळलेलं बरंचसं सोडियम व कॅल्शियम पुन्हा रक्तात घेते. मीठ जास्त झालं की जादा सोडियम लघवीतून बाहेर पडतं आणि जाताना कॅल्शियमलाही ओढून नेतं. रोजच्या खाण्यात 6 ग्रॅम मीठ वाढलं, तर लघवीत दिवसाला साधारण 40 मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त उतरतं. शिवाय खडा होऊ न देणारं सायट्रेट घटतं.

दूध-दही तोडल्याने उलट नुकसान होऊ शकतं. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला (काही भाज्यांत असणारा, लघवीत कॅल्शियमशी जुळून खडा बनवणारा घटक) आतड्यातच धरून ठेवतं. ते नसेल तर ऑक्झलेट थेट लघवीपर्यंत पोचतं. इटलीत पार्माच्या डॉक्टरांनी वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर 5 वर्षं लक्ष ठेवलं. 2002 साली निष्कर्ष आले: कॅल्शियम कमी केलेल्या 60 पैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. ज्यांनी कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केला, त्या 60 पैकी 12 जणांनाच झाला. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, म्हणून आम्ही पालक क्वचित करतो आणि त्या दिवशी दह्याची वाटी आवर्जून देतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात लोणच्याची फोड, पापड, ठेचा, चारच्या चहाबरोबरचं फरसाण, सगळं आलं. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. सैंधवानेही सुटका नाही, तेही मुख्यतः सोडियमचंच मीठ.

सगळ्यात वाईट वाटतं ते लिंबूपाण्याचं. खडा जावा म्हणून माणूस दिवसभर ते पितो आणि प्रत्येक ग्लासात मीठ ढवळतो! लिंबातलं सायट्रेट चांगलंच. मीठ तेवढं वगळा. ताकालाही जिरेपूड पुरते. पाणी इतकं प्या, की दिवसाला अडीच लिटर लघवी होईल. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती ते डॉक्टरच ठरवतील.

आमच्या कमी मिठाच्या डब्यात कणकेत आणि भातात मीठ नसतं. भाजी-आमटीत बेताचं असतं. चव आलं, लसूण, कोथिंबीर आणि आमसुलाने आणतो. लोणचं मागितल्याशिवाय देत नाही. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ वापरत नाही, कारण त्यात पोटॅशियम असतं. किडनी अधू असलेल्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं.

खडा पडला तर फेकू नका, तपासायला द्या. तो युरिक ॲसिडचा निघाला तर पथ्य बदलतं. ताप, थंडी किंवा लघवी अडणं यांपैकी काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा.

हा डबा हवा असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा, कारण भाजी वेगळी फोडणीला टाकावी लागते. सुरुवातीला जेवण अळणी लागेल. तेव्हा वरून मीठ घेऊ नका, डब्यातली लिंबाची फोड पिळा.