तांबूस पंजांचा माग

पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या कुत्र्याच्या पंजांवरचे केस हळूहळू तांबूस होत गेले, की बहुतेक जण तो मातीचा डाग समजून धुवायला घेतात. धुऊन तो जात नाही, कारण तो लाळेचा असतो. कुत्र्याच्या लाळेत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात, हिमोग्लोबिनच्या नात्यातली. तीच जागा पुन्हा पुन्हा ओली होत राहिली की ती केसांत मुरतात आणि केसांना गंजासारखा रंग चढतो. म्हणजे रात्री सगळे झोपल्यावर किंवा घरात कोणी नसताना कुत्र्याने किती वेळ पंजे चाटले, याची नोंद त्या केसांवर राहून जाते.

ही नोंद वाचायला शिकणं फार गरजेचं आहे. कुत्रा मागच्या पायाने कान खाजवू लागला की त्याला खाज सुटली आहे हे कुणालाही कळतं. पण पंजे चाटणारा कुत्रा ‘स्वच्छताप्रिय’ ठरतो, आणि बोटांच्या मधली जागा दातांनी कुरतडणाऱ्याला ‘सवयच आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. खरं तर शरीराचा जो भाग जसा पोचेल तसा कुत्रा खाजवतो. मानेला आणि कानाला मागचा पाय पुरतो, पंजांना जीभ, कुशीला आणि शेपटीच्या बुडाला पुढचे बारीक दात. तोंडाची खाज सतरंजीवर गाल घासून भागते, पाठीची लोळून. हत्यार बदललं तरी खाज तीच. एखादा निरोगी कुत्राही अधूनमधून अंग चाटतो, पण खेळ, जेवण किंवा झोप अर्धवट सोडून तो चाटायला किंवा चावायला लागत असेल, तर ती खाजच समजावी.

खाजेची एक व्याख्या १६६० साली झाम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने केली होती आणि ती आजही चालते: खाजवावंसं वाटायला लावणारी त्रासदायक संवेदना. ही संवेदना त्वचेतल्या अतिशय बारीक मज्जातंतूंमधून मेंदूकडे जाते, साधारण माणसाच्या चालीच्या वेगाने. खाजवल्यावर क्षणभर बरं वाटतं, कारण खाजवण्याने होणारी हलकीशी वेदना मज्जारज्जूतच खाजेचा संदेश दाबून टाकते. पण नखांनी-दातांनी त्वचेच्या पेशी फाटतात, त्यांतून दाह वाढवणारी द्रव्यं बाहेर पडतात आणि थोड्या वेळाने खाज आधीपेक्षा जोरात परत येते. कुत्र्याच्या बाबतीत हे चक्र लवकर वेग घेतं. माणसाच्या बाह्यत्वचेत जिवंत पेशींचे साधारण दहा-पंधरा थर असतात, तर केसाळ भागावर कुत्र्याला तीन ते पाचच. एवढी नाजूक कातडी, आणि तिच्यावर चालणारे दात.

मूळ कारण शोधताना एक गोष्ट डोक्यात पक्की असावी. खाजेला एक उंबरठा असतो आणि वेगवेगळ्या कारणांची खाज एकत्र साठत जाते. थोडी ॲलर्जी, चार-दोन पिसवा आणि बोटांमध्ये वाढलेलं थोडं यीस्ट, यांतलं एकेकटं असतं तर कुत्र्याने कदाचित सहन केलं असतं. तिन्ही मिळून उंबरठा ओलांडतात आणि तो रात्रभर चावत बसतो. म्हणून ‘नक्की कशामुळे?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एकवचनी नसतं. एक ओझं उतरवलं तरी कुत्रा उंबरठ्याच्या अलीकडे येऊ शकतो. कुठलं ओझं आधी उतरवायचं याचा मात्र क्रम आहे, आणि तो पाळला नाही की महिने वाया जातात.

पहिला क्रमांक पिसवांचा. ‘आमच्या कुत्र्याला पिसवा नाहीत’ हे वाक्य पशुवैद्यांना रोज ऐकावं लागतं आणि बऱ्याचदा ते प्रामाणिक असतं, कारण पिसवा खरोखरच दिसत नाहीत. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला त्रास व्हायला मोजके चावे पुरतात, आणि खाजेने बेजार झालेला कुत्रा पिसवा चावून गिळूनही टाकतो. त्याच्या विष्ठेत काकडीच्या बियांसारखे पांढरट तुकडे दिसले तर तो पट्टकृमी असू शकतो, आणि तो बहुधा पिसू गिळल्याने होतो. घरच्या घरी करता येणारी तपासणी सोपी आहे. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभं करून बारीक फणीने कमरेवरचे केस विंचरावेत आणि पडलेले काळे कण ओल्या कापसाने टिपावेत. कणाभोवती लालसर तपकिरी रंग पसरला, तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

या किड्याचं जीवनचक्र समजलं की उपाय फसतो कुठे तेही समजतं. कुत्र्यावर सर्वाधिक आढळणारी पिसू ही खरं तर ‘मांजरपिसू’ म्हणून ओळखली जाणारी जात आहे. तिची मादी भरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. अंडी गुळगुळीत असल्याने केसांतून घरंगळतात आणि कुत्रा जिथे झोपतो तिथे पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या फटींत आणि गालिच्याच्या मुळाशी शिरतात, मोठ्या पिसवांची विष्ठा खाऊन वाढतात आणि कोष विणतात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते आणि फवारणीलाही दाद देत नाही. जवळ ऊब, हालचाल किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, की बाहेर उडी. बराच काळ बंद असलेलं घर उघडल्यावर एकदम पिसवा तुटून पडतात त्या यामुळेच. कोणत्याही क्षणी एकूण संख्येतल्या जेमतेम ५ टक्के पिसवा कुत्र्याच्या अंगावर असतात, बाकी सगळी फौज अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात घरात. म्हणून एकदा औषध लावून ‘काही उपयोग झाला नाही’ असं म्हणणं घाईचं होतं. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला, किमान तीन महिने, न चुकता औषध हवं. सोबत अंथरुणं गरम पाण्याने धुणं आणि व्हॅक्यूम क्लीनर.

इथे एक इशारा जीव तोडून द्यावासा वाटतो. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजरासाठी प्राणघातक ठरू शकतं. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नये, आणि घरात मांजर असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगावं.

शरीरावर खाज कुठे आहे यावरून पुष्कळ कळतं. पिसवांची ॲलर्जी असेल तर कंबर, शेपटीचं बूड आणि मांड्यांची मागची बाजू यांचे हाल होतात. खरजेचे किडे कानाच्या पाळीची कड, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे पसंत करतात. खरजेची खाज विलक्षण तीव्र असते, ती माणसालाही काही काळ खाजरे फोड आणू शकते आणि त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी किडा अनेकदा सापडत नाही. त्यामुळे शंका आली तर डॉक्टर सरळ उपचार करून पाहतात. सुदैवाने गेल्या दशकात आलेल्या आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्या पिसवा, गोचिडी आणि खरूज तिन्हींवर चालतात. मात्र ज्याला पूर्वी फिट आली आहे अशा कुत्र्याच्या बाबतीत त्या जपून वापरतात. कोली ही मेंढपाळ कुत्र्यांची जात आणि तिच्या नात्यातल्या जातींमध्ये एमडीआर१ या जनुकात एक बदल आढळतो. मेंदूत शिरणारी औषधं बाहेर फेकण्याची सोय त्यामुळे कोलमडते, आणि अशा कुत्र्याला आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाचा मोठा डोस जिवावर बेततो. ऐकीव माहितीवर हे औषध देणं म्हणूनच घातक आहे.

दुसरं ओझं जंतूंचं. मॅलासेझिया हे यीस्ट आणि स्टॅफिलोकॉकस जातीचे जीवाणू निरोगी कुत्र्याच्या त्वचेवरही राहतात. चाटून ओली राहिलेली, सोललेली कातडी मिळाली की ते बेसुमार वाढतात. कुबट, आंबूस वास, चिकटपणा, बोटांच्या मध्ये तपकिरी थर अशा खुणा दिसतात. हे जंतू मूळ कारण क्वचितच असतात, पण खाज दुप्पट करण्यात त्यांचा हात असतो. त्वचेवर काचपट्टी किंवा चिकटपट्टी दाबून केलेली तपासणी काही मिनिटांत उत्तर देते. सौम्य प्रादुर्भावाला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू पुष्कळदा पुरतो, फक्त तो अंगावर दहा मिनिटं राहायला हवा, आणि हाच भाग सगळे टाळतात. कोमट पाणी, घड्याळ लावून दहा मिनिटं, नीट धुणं, शेवटी बोटांच्या बेचक्या टॉवेलने कोरड्या करणं. माणसांचा शाम्पू यासाठी वापरू नये. आपली त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची उदासीनतेच्या जवळ.

पिसवा आणि जंतू आटोक्यात येऊनही चाटणं थांबलं नाही, तर ॲलर्जीकडे वळायचं. पुढचे पंजे, ओठ, डोळ्यांभोवतीचा भाग, कानाची आतली बाजू, काखा आणि जांघा यांना खाज, आणि कंबर व कानाची कड मात्र स्वच्छ, हे चित्र ॲटोपिक डर्मटायटिसचं, म्हणजे भोवतालच्या गोष्टींच्या ॲलर्जीने होणाऱ्या त्वचेच्या दाहाचं. सुरुवात बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात होते. या कुत्र्यांच्या त्वचेचा बांध कच्चा असतो, पेशींमधलं स्निग्ध सारण कमी पडतं. घरच्या धुळीत राहणारे सूक्ष्म कोळीवर्गीय किडे आणि परागकण यांचे अंश त्या फटींतून आत शिरतात. लॅब्रडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सर, फ्रेंच बुलडॉग, वेस्ट हायलँड टेरियर या जातींत हे विशेष दिसतं, पण कोणताच कुत्रा यातून सुटलेला नाही.

अन्नाच्या ॲलर्जीचं चित्रही अगदी असंच दिसतं, म्हणून नुसतं पाहून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. अन्नाची खाज सहसा ऋतू पाहत नाही आणि कधी सोबत पोट बिघडतं, इतकाच सुगावा. रक्त किंवा लाळ तपासून अन्नाची ॲलर्जी ठरवणाऱ्या चाचण्या विश्वासार्ह नाहीत, त्यांवर खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. खरी चाचणी ताटलीतच होते. कुत्र्याने पूर्वी कधीच न खाल्लेलं प्रथिन, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेलं हायड्रोलाइज्ड खाद्य, सलग आठ आठवडे द्यायचं. त्या काळात चघळायच्या चवदार गोळ्या, बिस्किटं, मुलांच्या हातून पडलेला घास, काहीही चालत नाही. खाज कमी झाली तर जुनं खाद्य परत सुरू करायचं. बरा झालेला कुत्रा मुद्दाम पुन्हा खाजत बसवायला कुणाचंच मन धजत नाही, पण तेवढं केल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या २९७ कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना गोमांस, १७ टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थ, १५ टक्क्यांना कोंबडी आणि १३ टक्क्यांना गहू बाधला होता. धान्य काढून टाकलं की खाज जाते या समजुतीला यात फारसा आधार नाही.

औषधांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत मोठी मजल मारली गेली. माणसाच्या ॲलर्जीत उपयोगी पडणाऱ्या अँटिहिस्टामिन गोळ्या कुत्र्यात निराशा करतात, कारण त्याच्या ॲलर्जीच्या खाजेत हिस्टामिनपेक्षा इंटरल्युकिन-३१ या संदेशवाहक प्रथिनाचा वाटा मोठा आहे. ते थेट मज्जातंतूंना चेतवतं. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ऑक्लॅसिटिनिब हे औषध पेशीच्या आत हा संदेश अडवतं. एक वर्षाखालच्या कुत्र्याला ते देत नाहीत. लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन त्या प्रथिनालाच बाहेरच्या बाहेर पकडतं आणि त्याचा परिणाम साधारण चार ते आठ आठवडे टिकतो. स्टेरॉइड स्वस्त आणि झटपट आहेत आणि थोड्या दिवसांसाठी त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. पण महिनोन्‌महिने चालू राहिले तर तहान, भूक आणि लघवी वाढते, स्नायू झिजतात, कातडी पातळ होते. जे बाधतं त्याचाच अत्यल्प डोस देत शरीराला सवय लावणारी इम्युनोथेरपी हा एकमेव मुळाशी जाणारा मार्ग आहे. अनेक कुत्र्यांना तिचा फायदा होतो, मात्र त्यासाठी वर्षभर धीर धरावा लागतो.

एकाच पायाच्या एकाच जागी चाटणं चालू असेल तर वेगळा विचार करावा. बोटांमध्ये कुसळ रुतलेलं असेल, नख तुटलं असेल, खालचा सांधा दुखत असेल. ढुंगण जमिनीवर घासणाऱ्या कुत्र्याच्या गुदग्रंथी तपासाव्यात. कंटाळा आणि एकटेपणा यांनीही चाटणं वाढतं, पण ते निदान सगळ्यात शेवटी काढायचं. दुखण्याला ‘स्वभाव’ म्हणणं कुत्र्यावर अन्याय आहे. आणि काही तासांत ओला, लालभडक, हात लावू न देणारा चट्टा उमटला तर घरगुती प्रयोग न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आपली मलमं तर लावूच नयेत. त्यांतलं झिंक किंवा सोरायसिसच्या मलमातलं कॅल्सिपोट्रिऑल चाटून पोटात गेलं तर विषबाधा होते, आणि टी ट्री तेलाचंही तेच. गळ्याभोवतीचा प्लास्टिकचा कोन खाज थांबवत नाही, पण जखम भरेपर्यंत दातांना दूर ठेवतो.

उपचार सुरू झाल्यावर रोज रात्री खाजेला शून्य ते दहा असा आकडा देऊन वहीत लिहावा. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे झोपही नाही. फरक हळूहळू पडतो आणि रोज पाहणाऱ्याला तो जाणवत नाही, आकड्यांत मात्र दिसतो. पंजांच्या रंगावर इतक्यात भरवसा ठेवू नये. एकदा तांबूस झालेला केस तांबूसच राहतो. काही आठवड्यांनी बोटांवरचे केस बाजूला सारून मुळाशी पाहावं. चाटणं खरंच थांबलं असेल, तर कातडीलगत नवा केस त्याच्या मूळच्या रंगाचा उगवलेला असतो.