सामन्यांची तपशीलवार आकडेवारी मिळवणे (ऑनलाइन गेम)

अनेक खेळाडू इंटरनेटवरून एकत्र खेळतात त्या गेममध्ये सामना संपताच पडद्यावर दिसणारा निकाल हा सर्व्हरकडील नोंदीचा लहानसा भाग असतो. उरलेली नोंद कंपनीने खुल्या केलेल्या एपीआयमधून (एका प्रोग्रामला दुसऱ्याकडून माहिती मागवता यावी म्हणून केलेल्या सोयीतून) मागवून घेणे आणि तिच्यावरून सामना क्षणाक्षणाने पुन्हा मांडणे, हा या लेखाचा विषय आहे.

नोंदीचे दोन थर असतात. सांगली-मिरजेच्या मैदानांवर कबड्डी पाहणाऱ्याला हा फरक लगेच कळेल : फळ्यावरचे अंतिम गुण हा एक थर, आणि कोणत्या चढाईत कोण बाद झाला हे सांगणारे गुणलेखकाचे पत्रक हा दुसरा. गेममध्ये पहिल्याला सामन्याचा सारांश, तर दुसऱ्याला टेलिमेट्री म्हणतात. खरा अभ्यास दुसऱ्या थरावरच होतो, कारण ‘तीन किल (मारलेले प्रतिस्पर्धी), बारावा क्रमांक’ एवढ्यावरून आपला स्क्वाड, म्हणजे संघ, कुठे चुकला हे कधीच समजत नाही.

शेवटपर्यंत तग धरणारा जिंकतो अशा पबजी या गोळीबाराच्या गेमचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. प्रथम विकसक म्हणून नोंदणी करून एक की, म्हणजे ओळख पटवणारी अक्षरांची साखळी, घ्यावी लागते. तिच्या आधारे खेळाडूच्या नावावरून त्याचा खाते क्रमांक मिळतो. नाव बदलता येते, क्रमांक बदलत नाही, म्हणून जपून ठेवायचा तो क्रमांकच. नाव टाकताना रोमन लिपीतील लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी असावी लागतात, आणि नवशिक्याची पहिली अडचण बहुधा इथेच येते. खाते क्रमांकासोबत अलीकडच्या सामन्यांचे क्रमांक येतात, व प्रत्येक सामन्याच्या क्रमांकावरून जेसन या प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या मजकुराच्या स्वरूपातला सारांश मिळतो : किल, दिलेले डॅमेज (प्रतिस्पर्ध्याला केलेली इजा), चालून, वाहनाने व पोहून कापलेले अंतर, तग धरलेले सेकंद, अंतिम क्रमांक. त्याच सारांशात टेलिमेट्रीच्या फाइलचा दुवा असतो.

या फाइलमध्ये प्रत्येक घटना वेळेसह नोंदलेली असते : कोण कुठे होता, कोणी कोणत्या शस्त्राने मारा केला, कोणी काय उचलले. स्थान सेंटिमीटरमध्ये दिलेले असते. सुमारे ८ किलोमीटर बाजूच्या इरँगल नकाशावर ते ० ते ८,१६,००० असे मोजले जाते. आरंभबिंदू नकाशाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात असल्यामुळे शाळेत शिकलेल्या आलेखाप्रमाणे बिंदू मांडल्यास सारा नकाशा वर-खाली उलटतो. वेळाही यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, असतात : सांगलीच्या विश्रामबागेतील एखाद्या खेळाडूने शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे रविवारी, १२ वाजून २० मिनिटांनी सुरू केलेला सामना नोंदीत शनिवारचा, १८:५० चा दिसतो. साडेपाच तास न मिळवता दिवसवार बेरीज केली, तर रात्री उशिरा खेळणाऱ्यांचे सगळे हिशेब चुकतात. संगणकचालित बॉटचे खाते क्रमांक वेगळ्या प्रकारे सुरू होतात; ते वगळल्याशिवाय काढलेली किलची सरासरी प्रामाणिक म्हणता येत नाही.

एपीआयकडे करायच्या मागण्यांवर मर्यादा आहे. साध्या कीवर मिनिटाला १० मागण्या चालतात, मात्र एका मागणीत १० खेळाडूंची नावे देता येतात, आणि सामन्याचा सारांश व टेलिमेट्री या मर्यादेत मोजले जात नाहीत. त्याहून कठोर मर्यादा काळाची : पबजीची ही नोंद १४ दिवसांनंतर मिळत नाही. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी १९४७ मध्ये गुल महंमद यांच्यासह केलेली ५७७ धावांची भागीदारी आजही तिच्या आकड्यांसह सांगता येते, कारण कोणीतरी ती कागदावर उतरवून जपली. गेममधील सामना मात्र पंधरवडा उलटण्याआधी स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतला नाही, तर तो परत मागता येत नाही.

इतर गेममध्ये तपशील बदलतात. लीग ऑफ लेजंड्सच्या एपीआयमध्ये एका मागणीत जास्तीत जास्त १०० सामन्यांचे क्रमांक मिळतात, आणि सामन्याचा कालपट मिनिटामिनिटाच्या टप्प्यांत येतो. चाचणीसाठीची की २४ तासांत संपते. डोटा २ मध्ये सामन्याची रिप्ले फाइल (सामना पुन्हा पाहता येईल अशी नोंद) उतरवून तिच्यातून घटना वेगळ्या काढल्या जातात, आणि आपली नोंद इतरांना खुली ठेवावी की नाही हे खेळाडू स्वतः ठरवतो. ही सोय योग्यच आहे, कारण कोण किती वाजेपर्यंत जागा होता हेही या आकड्यांतून उघड होते.

पबजीचा वर वर्णिलेला एपीआय संगणक व कन्सोलवरील गेमपुरता आहे. २ जुलै २०२१ रोजी अँड्रॉइडवर भारतात आलेल्या बीजीएमआय या मोबाइल गेमचे सामने त्यात येत नाहीत. त्यामुळे मोबाइलवर खेळणाऱ्या गावोगावच्या स्क्वाडना निकालाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून आकडे हाताने वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवावे लागतात. अशा वहीत सारांशाचा थर येतो, घटनांचा येत नाही. तरीही नकाशावर उतरण्याची जागा, पहिली चकमक कुठे झाली आणि बाद होण्याचे कारण असे तीन रकाने सामना संपताच आठवणीने भरले, तर टेलिमेट्रीतील सर्वांत उपयोगी भागाची बरीच भरपाई होते.