कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, पण आधी हात धुऊन घ्या

बारशाला पाळण्याच्या दोन्ही बाजूंना दोघीजणी उभ्या राहतात. बाळ पाळण्याखालून एकीकडून दुसरीकडे जातं, वरून परत येतं आणि भोवती जमलेल्या बायका म्हणत असतात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." कानात नाव सांगून होतं, कुर्रर्र होतं, आत्याच्या पाठीत धपाटे बसतात आणि मग बाळ खरोखरच हातोहाती फिरायला लागतं.

गेल्या वर्षी आमच्या घरच्या बारशाला मी कोपऱ्यात बसून नुसतं पाहत होते. पाऊण तासात ते दोन महिन्यांचं बाळ अकरा जणांच्या हातांत गेलं. त्यातल्या एका काकांना सर्दी होती. फार नाही, नाक जरा गळत होतं इतकंच. त्यांनी रुमालाने नाक पुसलं, रुमाल खिशात ठेवला आणि त्याच हाताचं बोट बाळापुढे धरलं. बाळाने ते मुठीत गच्च पकडलं, सगळे कौतुकाने हसले, आणि दुसऱ्या क्षणी ती मूठ बाळाच्या तोंडात होती.

मी लिहिणार आहे ते या बोटाबद्दल.

काकांच्या नाकात नेमका कोणता विषाणू होता, हे कुणी तपासलं नाही. पण मोठ्यांमध्ये साधी सर्दी म्हणून वावरणारा आणि तान्ह्या बाळाला थेट दवाखान्यात पोचवू शकणारा एक विषाणू आहे. त्याचं नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, थोडक्यात आरएसव्ही. १९५६ साली अमेरिकेत एका संशोधन संस्थेतल्या चिंपांझींना सर्दी झाली, त्यांच्यात तो पहिल्यांदा सापडला. पुढच्याच वर्षी तो आजारी बाळांमध्ये मिळाला आणि हा माणसांच्या पोरांचा जुना शत्रू आहे हे ध्यानात आलं. वयाची दोन वर्षं पूर्ण होईतो जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो, आणि नंतरही आयुष्यभर पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक मुलं चार दिवस शेंबडी होऊन बरी होतात. प्रश्न असतो तो पहिल्या काही महिन्यांतल्या बाळांचा.

बाळाच्या फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनळ्या मुळातच अरुंद. आरएसव्ही त्यांच्या आतल्या अस्तराला सूज आणतो, मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव नळीत साचतो. हवेच्या वाहण्याचं गणित इथे फार कठोर आहे. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा दुप्पट नव्हे, साधारण सोळापट वाढतो. मोठ्या माणसाच्या रुंद नळीत थोडी सूज आली तर खोकला येतो. बाळाच्या नळीत तेवढीच सूज आली, तर ते श्वासासाठी झगडायला लागतं. त्यात लहान बाळं मुख्यतः नाकाने श्वास घेतात. नाक चोंदलं की त्यांना अंगावर पिताही येत नाही.

२०१९ सालासाठी केलेल्या जागतिक अंदाजानुसार, पाच वर्षांखालच्या मुलांत आरएसव्हीमुळे छातीपर्यंत गेलेल्या आजाराचे सुमारे ३ कोटी ३० लाख प्रसंग घडले, ३६ लाख मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं आणि एक लाखाहून जास्त मुलं दगावली. यातले ९७ टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. आपल्या मेळघाटातही हा अभ्यास झाला आहे. तिथल्या आदिवासी पाड्यांतल्या बालमृत्यूंमागे आरएसव्ही हे एक कारण असल्याचं त्यात दिसलं. तालुक्याच्या गावापासून लांब, घरातच गेलेल्या बाळाच्या मृत्यूची नोंद अनेकदा नुसती 'छाती भरली' एवढीच राहते.

आता हा विषाणू बाळापर्यंत पोचतो कसा? स्वच्छता कशाची करायची, हे त्यावरच ठरतं. या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथल्या बालरोगतज्ज्ञ कॅरोलिन ब्रीस हॉल यांनी शोधलं. वेगळ्याच कारणासाठी वॉर्डात आलेल्या बाळांना तिथे आरएसव्ही होतो आणि परिचारिका-डॉक्टरही आजारी पडतात, हे त्या पाहत होत्या. विषाणू खोलीभर हवेतून पसरत असेल तर उपाय एक, हातांवरून जात असेल तर दुसरा.

१९८१ साली त्यांनी आणि गॉर्डन डग्लस यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३१ स्वयंसेवकांचे तीन गट केले. पहिल्या गटाने आरएसव्ही झालेल्या बाळांना दोन ते चार तास सांभाळलं. कडेवर घेतलं, दूध पाजलं, लंगोट बदलले, खेळवलं. दुसऱ्या गटाने बाळाला पाहिलंही नाही. बाळ खोलीत नसताना हे लोक आत गेले, बाळाचा शेंबूड-लाळ लागली असेल अशा ठिकाणी हात फिरवला आणि मग तेच बोट आपल्या नाकाला किंवा डोळ्याला लावलं. तिसरा गट बाळाच्या खाटेपासून सहा फुटांहून जास्त अंतरावर, कशालाही हात न लावता, तीन तास वाचत बसला.

सांभाळणाऱ्या सातांपैकी पाच जणांना संसर्ग झाला. नुसता हात फिरवणाऱ्या दहांपैकी चौघांना झाला. लांब बसलेल्या चौदांपैकी एकालाही झाला नाही.

दुसऱ्या गटातले ते चौघे मला राहून राहून आठवतात. बाळ खोलीतही नव्हतं. कुणी खोकलं नाही, कुणी शिंकलं नाही. खाटेच्या कठड्यावरून बोटावर आणि बोटावरून डोळ्यात, एवढ्याच वाटेने विषाणू आत शिरला होता.

याच संशोधकांनी आधीच्या वर्षी आणखी एक साधी गोष्ट तपासली होती. बाळाच्या नाकातला ताजा स्राव वेगवेगळ्या ठिकाणी लावला, तर विषाणू किती वेळ जिवंत सापडतो? टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर सहा तासांपर्यंत, रबरी हातमोज्यावर दीड तासापर्यंत, कापडी गाऊनवर अर्धा-पाऊण तास आणि माणसाच्या त्वचेवर वीस मिनिटांपर्यंत. हे आकडे आपल्या घरात आणून बघा. आजीने पदराने मोठ्या नातवाचं नाक पुसलं आणि लगेच त्याच पदराने धाकट्याचं तोंड टिपलं, तर धोका आहेच. पण तासाभराने तो पदर बराच निवलेला असेल. प्लॅस्टिकचा खुळखुळा मात्र दुपारी मोठ्याने चघळला असेल, तर संध्याकाळीही धाकट्यासाठी तो निर्धोक नसतो. तेच पाळण्याच्या स्टीलच्या दांडीचं आणि रडू थांबावं म्हणून हातात दिलेल्या मोबाइलचं. आणि त्वचेवरची वीस मिनिटं थोडी वाटली, तरी बारशाच्या घरात वीस मिनिटांत एक हात काय काय करतो ते आठवा.

या सगळ्यावरचा सर्वात भरवशाचा उपाय न्हाणीघरात ठेवलेला असतो, दहा-वीस रुपयांची साबणाची वडी.

आरएसव्हीच्या कणाला बाहेरून स्निग्ध आवरण असतं. ते त्याने माणसाच्याच पेशीच्या पटलातून पळवून आणलेलं असतं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलातुपाकडे. तुपाची वाटी नुसत्या पाण्याने धुतली तर बोटांना ओशट लागत राहते आणि साबण लावला की क्षणात सुटते, ती याच दोन टोकांच्या ओढाताणीने. विषाणूच्या बाबतीत साबणाची तेलाकडची टोकं त्याच्या आवरणात घुसतात, आवरण फाटतं, आतला ऐवज विखुरतो आणि पाण्याबरोबर मोरीत जातो. ज्या विषाणूंना असं आवरण नसतं, तेही चोळण्याने त्वचेवरून सुटतात आणि वाहून जातात.

त्यासाठी वेळ मात्र द्यावा लागतो. वीस सेकंद. नळाखाली हात ओले करून नॅपकिनला पुसणं म्हणजे धुणं नव्हे. अंगठा, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा नेमक्या सुटतात, आणि बाळ पकडतं ते तेच अंगठे आणि तीच टोकं. बोटांत घातलेल्या अंगठ्यांच्या खाली, बांगड्यांच्या मागे साबण पोचत नाही, म्हणून बाळाला घेण्याआधी त्या सरकवून घ्याव्यात. आणि बेसिनजवळ दिवसभर लटकणारा तो एकच दमट नॅपकिन बदला. धुतलेले हात सगळ्यांनी त्यालाच पुसायचे, तर धुण्याचा निम्मा उपयोग तिथेच जातो. वडीचा साबण आणि बाटलीतला महागडा हँडवॉश यांत या कामापुरता फरक नाही. साबण 'जंतुनाशक' असण्याचीही गरज नाही.

हात धुण्याने श्वसनाचे आजार खरोखर कमी होतात का, अशी शंका रास्त आहे. त्याचा फार जवळचा पुरावा कराचीच्या वस्त्यांतून आला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत काही वस्त्यांतल्या घरांना साबण दिला आणि दर आठवड्याला भेटून हात धुण्याची सवय लावली. त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनियाचं प्रमाण इतर वस्त्यांच्या तुलनेत निम्म्यावर आलं. यात औषध नव्हतं, यंत्र नव्हतं. साबण आणि पाठपुरावा, एवढंच.

सॅनिटायझर चालतो, त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के असेल तर. पण हाताला शेंबूड, माती किंवा मालिशचं तेल असेल तर तो नीट काम करत नाही, तिथे साबणच हवा. खेळणी, चमचे, वाट्या यांनाही साबण आणि पाणी पुरतं. फिनाइलचा वास आला की घर स्वच्छ झाल्यासारखं वाटतं, पण वासाचा आणि विषाणू जाण्याचा संबंध नाही. ब्लीच वापरायचंच असेल तर त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि ज्या छातीला जपायला निघालो तिलाच तो जाळतो.

जंतुनाशक जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त, या समजाने आपल्याकडे काय झालं ते आपण पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या बरेलीत, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचमधलंच रसायन, फवारलं गेलं. त्यांत लहान मुलंही होती. पुढे एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर असं काही फवारू नका, असं स्पष्ट सांगावं लागलं. कोरोनाच्या काळात आपण भाजीच्या जुड्या आणि दुधाच्या पिशव्या घासत बसलो, आणि तो विषाणू मुख्यतः बंद खोलीतल्या हवेतून फिरत होता. खिडक्या उघडायच्या होत्या तेव्हा आपण पिशव्या घासल्या. आता त्याची उलटी चूक व्हायला नको. 'पृष्ठभाग पुसणं निरुपयोगी ठरलं' हे तेव्हा कानावर पडलेलं वाक्य आरएसव्हीला लावू नये. विषाणूगणिक वाट बदलते.

अर्थात १९८१चा तो प्रयोग ३१ जणांचा होता, आणि नंतरच्या काळात आरएसव्ही झालेल्या बाळांच्या भोवतालच्या हवेतही जिवंत विषाणू सापडला आहे. म्हणजे खिडकी इथेही उघडीच हवी, आणि सर्दी असलेल्याला बाळाजवळ जावंच लागलं तर मास्क हवा. पण हात आधी.

घरात हा विषाणू आणतं कोण? केनियातल्या किलिफी भागात घरोघरी नमुने घेऊन माग काढला, तेव्हा बऱ्याचदा तो शाळेत जाणाऱ्या मोठ्या भावंडापाशी जाऊन पोचला. आपल्याकडेही बालवाडीतून धावत आलेला दादा पहिला पाळण्याशी जातो. त्याला बाळापासून लांब ठेवू नका, बाळ त्याचंही आहे. दप्तर टाकल्यावर आधी हातपाय धुवायचे ही जुनी शिस्त त्याला लावा, आणि पापी तोंडाची न घेता पायांची घ्यायची हे शिकवा.

आणखी एका माणसाबद्दल बोलायला हवं. बाळाला न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या मावशी. त्या सकाळपासून तीन-चार घरी जातात, आणि प्रत्येक घरी नेमकं सगळ्यात लहान बाळ असतं. रॉचेस्टरच्या वॉर्डातली परिचारिका ज्या जागी होती, तिथेच त्याही आहेत. त्यांना आल्या आल्या गरम पाणी, साबण आणि कोरडा पंचा मिळाला पाहिजे. काजळ घालायचा आग्रह असेल तर तो सोडून द्या. डोळा हे विषाणूचं उघडं दार आहे, आणि बोट आपण स्वतः तिथे नेतो. मावशींना सर्दी झाली तर त्या दिवसांचे पैसे न कापता सुट्टी द्या. पैसे कापले तर त्या सर्दी लपवून येणार, आणि त्यात दोष त्यांचा नसेल.

एवढं करूनही बाळ आजारी पडू शकतं. तेव्हा घड्याळ समोर ठेवून बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, मलूल पडलं असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा. हा विषाणूचा आजार आहे, प्रतिजैविकांनी तो हटत नाही. गरज पडते ती ऑक्सिजनची, पोटात दूध-पाणी जात राहण्याची आणि बाळावर लक्ष ठेवण्याची. २०२३ पासून काही देशांत गरोदर स्त्रियांना द्यायची लस आणि बाळाला थेट प्रतिपिंडं देणारं इंजेक्शनही आलं आहे. त्याबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

यंदा आमच्याकडे पुन्हा बारसं होतं. या वेळी दाराशीच स्टुलावर साबण, पाण्याची बादली, तांब्या आणि घडी केलेले डझनभर छोटे टॉवेल मांडले होते. कुणी नाक मुरडेल अशी मला धास्ती होती. सगळ्यात आधी आल्या त्या घरातल्या पंचाऐंशी वर्षांच्या पणजी. त्यांनी पाटल्या कोपरापर्यंत सरकवल्या, तांब्या माझ्या हातात दिला, "घाल पाणी" म्हणाल्या, आणि सावकाश एकेक बोट चोळत उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे रांग लागली.